भिंत कुठल्या डब्यात?

कुठल्याही कामात करीमभाई मुकादमांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "कागद केवढा?" बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढल्यावर माणसाचं असं होतं. कागदाचा आकार ठरल्याशिवाय पेन्सिलीला टोकसुद्धा करायचं नाही, हा त्यांचा नियम. स्वतःच्या लग्नात सासरच्यांनी पत्रिकेचा मजकूर कसा हवा म्हणून विचारलं, तर या गृहस्थांनी आधी पत्रिकेची लांबी-रुंदी विचारली होती. जैनबभाभी ही गोष्ट आल्यागेल्याला सांगतात आणि करीमभाई ती नाकारत नाहीत. नाकारण्यासारखं त्यात काय आहे, हेच त्यांना कळत नाही.

आणखी एक सांगून ठेवलं पाहिजे. या चौतीस वर्षांत त्यांच्या ड्रॉइंगमध्ये चूक निघाली नाही. निदान त्यांनी ती कबूल केली नाही. एकदा त्यांनी काढलेली टाकी तयार होऊन आली आणि शेडच्या दारातून आत जाईना. सगळे डोक्याला हात लावून उभे, आणि करीमभाई "ड्रॉइंग बरोबर आहे, दार चुकलंय" असं म्हणून डबा खायला गेले. पुढं चौकशीत दारच चुकलेलं निघालं. ज्याच्या बाबतीत एकदा दार चुकलेलं निघतं, त्याचं पुढं आयुष्यभर अवघड होऊन बसतं.

तर अशा माणसाला त्याच्या मुलीनं, कैनातनं, एका रविवारी सांगितलं, "अब्बा, वेबपेजला कागद नसतो."

"मग काय असतं?"

"स्क्रीन."

"बरं. स्क्रीन केवढा?"

"ज्याचा जेवढा असेल तेवढा."

करीमभाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. समोर कैनातच होती. ती सानपाड्याला राहते आणि लोकांची वेबपेजं बनवून देणाऱ्या कंपनीत पंधरा वर्षं नोकरी करते, म्हणजे ती थट्टा करत नव्हती. ज्या धंद्यात पंधरा वर्षं घालवूनही माणसाला कागदाचा आकार सांगता येत नाही, त्या धंद्यात आपण मुलीला घातलं, याचं करीमभाईंना त्या दिवशी प्रथमच वाईट वाटलं.

पण गरज त्यांना होती. त्यांना शेवरखार कॉम्प्युटरवर काढायचं होतं. शेवरखार म्हणजे त्यांचं गाव. खाडीच्या बांधाला धरून एकच आळी, तिच्यात तेरा घरं आणि एक विहीर. अकरा वर्षांपूर्वी गाव प्रकल्पात गेलं, वर भराव पडला आणि तेरा घरं करंजाडे, कामोठे, सानपाडा अशी जमेल तिथं पांगली. मुकादम करंजाड्यात आले. गाव उठायच्या आधी महिनाभर करीमभाईंनी टेप घेऊन घरन् घर मोजलं होतं, विहिरीचा काठसुद्धा सोडला नव्हता. ती वही अकरा वर्षं कपाटात होती. आता तिच्यावरून आळी हुबेहूब काढायची आणि सगळ्यांना बघता येईल अशी ठेवायची, असं त्यांच्या मनानं घेतलं.

'सगळ्यांना' हे आपलं लोकांना सांगायला. खरं म्हणजे ती एकाच माणसानं बघावी एवढीच त्यांची इच्छा होती. तो माणूस सिताराम गमरे.

मोहल्ल्यातलं शेवटचं घर करीमभाईंचं आणि त्याला लागून बौद्धवाडीतलं पहिलं घर सितारामचं. दोन घरांत मिळून भिंत एक, नऊ इंची, विटांची. त्या भिंतीतली एक वीट आजोबांच्या काळातच कोणीतरी काढलेली होती. त्या भोकातून इकडची सांदणं तिकडे आणि तिकडची जवळ्याची चटणी इकडे, असा व्यवहार चालायचा. भिंतीवर एकदा ठोकलं की समजायचं, काहीतरी हवंय. दोनदा ठोकलं की चहा टाकलाय. पोरपणापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत दोघांनी त्या भिंतीला पाठ लावून चहा प्यायला, एक अलीकडून आणि एक पलीकडून, आणि गप्पा विटेएवढ्या भोकातून.

मग मोजणी आली. करीमभाईंचं अक्षर चांगलं, म्हणून आळीचे सगळे फॉर्म त्यांनीच भरले. त्यात एक तक्ता होता: घराच्या भिंती, आणि प्रत्येक भिंतीपुढं मालकाचं नाव. मधल्या भिंतीपुढं करीमभाईंनी सुंदर अक्षरात 'सामाईक' लिहिलं. खिडकीवरच्या कारकुनानं फॉर्म परत सरकवला. सामाईकला रकाना नाही म्हणाला, एकच नाव लिहा. मागं रांग होती, जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. करीमभाईंनी हाताला आलं ते नाव लिहिलं, आणि माणसाच्या हाताला स्वतःचंच नाव आधी येतं. आठवड्यानं फळ्यावर यादी लागली. मुकादम, भिंती चार. गमरे, भिंती तीन.

सितारामनं यादी वाचली, चष्मा खिशात ठेवला आणि तो घरी गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही, फक्त त्या दिवसापासून भिंत वाजायची थांबली, आणि दोन महिन्यांनी भिंतच उरली नाही. सिताराम कामोठ्याला गेला. करीमभाई स्वतःला आणि जैनबभाभींना सांगत राहिले, की फॉर्म बरोबर होता, रकाना चुकला होता. हे ते अकरा वर्षं सांगत होते. खरं ते होतं तरी त्यानं काही भागत नव्हतं. त्यांना सितारामची आठवण यायची. ती दुपारी चार वाजता यायची आणि रोज यायची. करंजाड्याच्या फ्लॅटची भिंत चार इंची होती आणि तिच्यापलीकडे लिफ्ट होती.

सितारामचा स्वभाव करीमभाईंना पाठ होता. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म गेलेला माणूस. चिठ्ठी चुकीची लागलेली दिसली की त्याला गप्प बसवायचं नाही. आळी एकदा त्याच्या नजरेस पडली की तो काहीतरी खोट काढायला का होईना, येणार. एवढ्या भरवशावर त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.

पहिली आळी त्यांनी स्वतःच्या मॉनिटरच्या मापानं काढली. हा चौकोनी मॉनिटर कारखान्यानं निवृत्तीच्या वेळी दिलेला. त्याच्यावर आळी या काठापासून त्या काठापर्यंत अशी बसली की मध्ये सुई जाऊ नये. करीमभाईंनी मोठ्या मानानं ती पहिल्यांदा हौसेरावांना दाखवायची ठरवली. हौसेराव पिसाळ हे सोसायटीचे सेक्रेटरी. मूळचे साताऱ्याकडचे, आणि मत विचारलं नाही तरी देणारे. त्यांनी आपल्या मोबाइलवर आळी उघडली, मोबाइल नाकाजवळ नेला, मग लांब धरला.

"मुकादमसाहेब, झुरळं हाईत का ही?"

"घरं आहेत. तेरा."

"मग मोठी करून बघू की." हौसेरावांनी दोन बोटं फाकवली. सगळ्या स्क्रीनभर विहीर आली. आणखी फाकवली, तर विहिरीचा रहाट. "गाव लई छान हाय तुमचं," हौसेराव म्हणाले, "पण पाण्याचंच दिसतंय सगळं."

करीमभाईंनी तरीही आळी गावच्या ग्रुपवर टाकली. तासाभरात कामोठ्याहून अल्तमशचा निरोप आला. त्यानं ती घरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर लावली होती. डावीकडे अर्ध्या भागात आळी आणि उजवीकडे अर्धा टीव्ही पांढरा कोरा. 'चाचा, विहीर वगैरे मस्त,' त्यानं लिहिलं होतं, 'पण शेवटच्या घरानंतर हा एवढा मोकळा प्लॉट कोणाच्या नावावर होता? आमचे अब्बा कधी बोलले नाय.' त्याखाली सहा जणांनी आपापल्या आजोबांचं नाव लिहिलं. दुपारपर्यंत त्या कोऱ्या जागेचे तीन हिस्से पडले होते आणि एकानं कुंपणाचा विषय काढला होता.

आता सर्व स्क्रीनांची मापं घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, हे करीमभाईंनी ओळखलं. त्यांनी टेप काढला, नवी वही केली, रकाने आखले: फ्लॅट नंबर, वस्तू, रुंदी, उंची, शेरा. आणि इमारतीत तळमजल्यापासून सुरुवात केली. लोकांनी पहिले दोन दिवस चहा दिला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी टीव्ही टॅक्स आला का म्हणून विचारलं. चौथ्या दिवशी लिफ्टशेजारी नोटीस लागली: 'इमारतीतील एक ज्येष्ठ सभासद घरोघरी जाऊन टीव्ही व मोबाइल टेपने मोजत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर मोजणीस सर्वसाधारण सभेची मंजुरी नाही. तरी सभासदांनी आपापल्या जबाबदारीवर मोजून घ्यावे.' खाली हौसेरावांची सही.

"नाव न्हाई घातलं बगा तुमचं," हौसेराव जिन्यात भेटल्यावर म्हणाले. "मान राखला. आता माझं ऐका. सगळ्यांना सारखेच मोबाइल घ्यायला लावा. ठराव मांडा, मी अनुमोदन देतो."

ज्या माणसाच्या टेपला कारखान्यात वचक होता, त्याच्या टेपवर नोटीस लागावी याचं करीमभाईंना फार लागलं. ते दोन दिवस जिन्यानं गेले-आले, म्हणजे ती नोटीस दिसू नये. तरी वही पुरी झाली होती. एकेचाळीस स्क्रीन. रविवारी त्यांनी ती कैनातपुढे ठेवली, आणि कैनातनं ती पानं चाळून ज्या हळुवारपणे मिटली, त्यावरूनच त्यांनी काय ते ओळखलं.

"अब्बा, इंचांनी काय नाय होत. ठिपके मोजायचे असतात. हा तुमचा मॉनिटर केवढा? पंधरा इंच. त्याच्यापेक्षा माझ्या सहा इंचाच्या मोबाइलमधे ठिपके जास्त आहेत."

"सहा इंचात पंधरा इंचापेक्षा जास्त?"

"बारीक असतात."

"म्हणजे स्केल प्रत्येकाची वेगळी?"

"हां. आणि एकाच मोबाइलची उभा धरला की वेगळी, आडवा धरला की वेगळी."

करीमभाई वहीतले एकेचाळीस आकडे पहिल्यापासून पुन्हा वाचत बसले. जैनबभाभींनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि मुलीला म्हणाल्या, "काय सांगितलंस त्यांना? टाकीच्या वेळी पन असे बसले नव्हते."

कैनातनं मग उपाय सांगितला. आळी एक लांब चित्र म्हणून काढायची नाही. चौदा सुटी चित्रं करायची, तेरा घरं आणि एक विहीर, आणि प्रत्येक चित्र एका डब्यात ठेवायचं. स्क्रीन रुंद असेल तर डबे एका रांगेत उभे राहतील, अरुंद असेल तर उरलेले आपोआप खालच्या रांगेत उतरतील. कोणाला काही मोजायला नको. करीमभाईंना 'आपोआप' हा शब्द आवडत नाही. आपोआप काही होत असेल तर ते चुकत असणार, असा त्यांचा अनुभव. पण दुसरा इलाज नव्हता. बापलेक कामाला लागले, आणि नवव्या डब्यापाशी कैनात थांबली.

"ही मधली भिंत. नऊ नंबरच्या डब्यात टाकू की दहा?"

"सामाईक आहे ती."

"सामाईक असं नसतं ना अब्बा. लाइन कुठल्या तरी एका डब्याची असावी लागते. डाव्या की उजव्या?"

कैनातला त्या फॉर्मची गोष्ट माहीत होती की नव्हती, कोण जाणे. करीमभाईंना मात्र एकदम तो खिडकीवरचा कारकून आठवला, मागची रांग आठवली, जेवणाची सुट्टी आठवली. अकरा वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा होता, आणि यावेळी मागं रांग नव्हती. ते उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले.

"उजव्या," ते म्हणाले. "दहा नंबरच्या. सितारामच्या."

"मग आपलं घर त्या बाजूनं उघडं राहील."

"शेजारी सिताराम आहे. उघडं कुठलं?"

त्यांच्या मॉनिटरवर खरोखरच तसं दिसत होतं. नवव्या आणि दहाव्या घरात फट नव्हती, सितारामची भिंत दोघांना पुरत होती. करीमभाईंनी ते चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं. हे पाहून तो काही म्हणाला नाही तर आता आपल्याकडे दुसरं काही नाही, हे त्यांना कळत होतं. मग त्यांनी आळी ग्रुपवर टाकली, हौसेरावांनाही पाठवली.

पहिली दाद पुन्हा हौसेरावांची. त्यांच्या मोबाइलवर चौदाही डबे एकाखाली एक उतरले होते. ते जिना चढून स्वतः वर आले. "मुकादमसाहेब, चौदा मजली टावर! अन् तिसऱ्या मजल्यावर विहीर! लिफ्ट हुती का हो गावात?"

ग्रुपवर तर हाहाकार उडाला. कारण प्रत्येकाच्या स्क्रीनवर आळी वेगळी मोडत होती, आणि जो तो समजत होता की मुकादमांनी आपल्याच घरावर राग काढला. अल्तमशचं आणि शायमाआपांचं पावसाच्या पन्हळीवरून तीन पिढ्यांचं वैर. गावानं शहाणपणानं त्यांच्यामध्ये तीन घरं सोडली होती. आता एका विशिष्ट मोबाइलवर चारचार डबे आले, आणि अल्तमशचं घर बरोब्बर शायमाआपांच्या डोक्यावर. 'करीमभाई, याचं पाणी आता माझ्या अंगणात पडनार!' शायमाआपांनी लिहिलं. त्यांना कोणीतरी मोबाइल आडवा धरायला सांगितला. त्यांनी धरला. मग विहीर गेली त्यांच्या पडवीत, आणि दिवसभर लोक पाण्याला यायला लागले तर मी झोपू कुठं, असा पाच मिनिटांचा आवाजी निरोप आला. अल्तमशनं उत्तरादाखल गटारीचा विषय काढला. अकरा वर्षं 'सुप्रभात' आणि वाढदिवसांच्या शुभेच्छांवर चाललेल्या त्या ग्रुपवर पहिल्यांदा गावासारखं भांडण झालं. भांडता भांडता लोक विचारायला लागले, की पडवीला खांब तीन होते की चार, आणि कोणाच्या दारात शेवगा होता.

करीमभाईंचं या कशाकडे लक्ष नव्हतं. आपला निरोप कोणी कोणी पाहिला याची यादी ग्रुपवर दिसते, हे कैनातनं त्यांना दाखवून ठेवलं होतं. ते दिवसातून दहा वेळा ती यादी उघडायचे. सगळ्यांनी पाहिलं होतं. खाली 'अजून पाहिले नाही' असा एक भाग होता आणि त्यात एकच नाव होतं. तो भांडणात पडला नाही, विहिरीबद्दल बोलला नाही, त्यानं पाहिलंसुद्धा नाही. जैनबभाभी म्हणायच्या, "डोळ्यांना त्रास असेल त्यांच्या." करीमभाई म्हणायचे, "तुला काय माहीत?" आणि भाभी भाजी निवडायला लागायच्या.

एका शुक्रवारी खालचा भाग रिकामा झाला. नाव वर सरकलं होतं. पाहिलं, चार वाजून सात मिनिटं. करीमभाई त्या सात मिनिटांकडे बघत बसले. चहाच्या वेळी पाहिलं, एवढं तरी कळलं. त्यांनी मोबाइल समोर ठेवून वाट पाहिली. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी त्यांनी टेप आणि वही कपाटात खालच्या खणात ठेवली. म्हटलं, झालं. तो पाहून गप्प राहिला म्हणजे विषय मिटला. माणसाला पाहूनही बोलावंसं वाटत नसेल तर त्याला आळी तरी कशाला दाखवायची?

मंगळवारी चारला ते खुर्चीत बसले होते. दाराबाहेरच्या भिंतीवर कोणीतरी ठोकलं. दाराला बेल होती, बेलचा दिवा चालू होता. तरी भिंतच वाजली. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा.

भाभींनी जाऊन दार उघडलं. सिताराम आत आला, मागून त्याची बायको दुर्गाबाई. सिताराम वाळला होता, केस पांढरे झाले होते, काखेत एक मोठा टॅब होता. त्यानं जय भीम नाही, सलाम नाही, सरळ टॅब टेबलावर टेकवला.

"करीम, ह्ये काय काढलंस?"

"काय काढलं?"

"तुझं घर बघ. एका बाजूनं उघडं हाय."

"तुझी भिंत आहे ना तिथं."

"कुठं हाय? दाव."

करीमभाईंनी चष्मा लावून पाहिलं. टॅबवर तीन-तीन डब्यांच्या रांगा पडल्या होत्या. नववं घर तिसऱ्या रांगेच्या पार उजव्या टोकाला, आणि दहावं चौथ्या रांगेच्या पार डावीकडे. सितारामचं घर चार भिंतींत बंदिस्त, आणि वर कोपऱ्यात करीमभाईंचं घर उजवीकडून सताड उघडं. त्यापुढं नुसता पांढरा स्क्रीन.

"लेकीनं, राजश्रीनं, हा टॅब दिला, डोल्यांचं आपरेशन झाल्यावर. मोठं दिसतं म्हनून. मी शुक्रवारी उघडला. चार दिवस बगतोय." सितारामचा आवाज चढला. "पाऊस आत येल तुझ्या. वारा येल. आन् बाजूला मी न्हाय. असं घर काडतात व्हय? येवडा ड्राफ्ट्समन तू!"

"यादीत तुझ्या तीन भिंती लागल्या होत्या," करीमभाई म्हणाले. "म्हणून ही तुला दिली."

सिताराम खुर्चीत बसला.

"भिंतीचं काय न्हाय रे," तो म्हणाला. "ती पडनारच व्हती. पन तू मला इचारलं न्हाईस. मदी वीट काडलेली व्हती, हाक मारायची, 'सिताराम, कोनाचं नाव लिवू?' मी म्हनलो असतो, तुजं लिव. यवडंच व्हतं. त्या यादीवर माझं घर तीन भिंतींचं. अकरा वर्सं मी तीन भिंतींच्या घरात रायलो, करीम."

करीमभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले. चूक झाली, एवढे दोन शब्द जिभेवर आले होते, पण चौतीस वर्षांची सवय आडवी आली आणि ते तिथंच राहिले.

भाभी चहा घेऊन आल्या. चार कप. त्यातला एक त्यांनी सितारामपुढं ठेवला. "बिनसाखरेचा हाय."

"ह्याला साखर चालत नाही हे तुला कोणी सांगितलं?" करीमभाईंनी विचारलं.

दुर्गाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. भाभींनी शांतपणे सांगितलं, "आमी दर शुक्रवारी बोलतो फोनवर. अकरा वर्षं. भांडण तुमचं होतं, आमचं नवतं. या शुक्रवारी त्यांना आळी दाखवायला पन मीच सांगितलं दुर्गाला."

दोघा पुरुषांनी एकदमच कप तोंडाला लावले. मग चहा पिऊन झाल्यावर करीमभाईंनी मूळ अडचण मांडली. कॉम्प्युटरला सामाईक भिंत कळत नाही, डाव्या डब्यात घाला नाहीतर उजव्या. आणि डबे तर स्क्रीनप्रमाणे कुठंही जातात. सितारामनं नीट ऐकून घेतलं आणि त्याला त्यांची कीव आल्यासारखं दिसलं.

"आमच्या पार्सल ऑफिसात दोन नग सोबत जायाचे आसले की आमी काय करायचो? एका दोरीनं बांदायचो आन् चिठ्ठी एकच लावायचो. मग गाडी बदलू दे, हमाल बदलू दे, फुटत न्हाईत. दोनी घरं एका डब्यात घाल. भिंत मदी ऱ्हाईल. कोनाच्या बापाला इचारायची गरज न्हाय."

करीमभाईंनी कैनातला फोन लावला. ती पलीकडून म्हणाली, "होतं ना तसं, अब्बा. एकदम सोपं आहे. मला आधी का नाय सुचलं?" रविवारी तिनं ते करून दिलं. आता टीव्हीवर बघा, टॅबवर बघा, हौसेरावांच्या टॉवरमध्ये बघा, बाकीची घरं वाटेल तिथं उतरतात, शायमाआपा आणि अल्तमश रोज नव्या जागी भांडतात, पण नववं आणि दहावं घर जातील तिथं जोडीनं जातात. मधल्या भिंतीत एक वीट काढलेली आहे. भिंतीखाली करीमभाईंनी सुंदर अक्षरात 'सामाईक' लिहिलं आणि कुठल्याही खिडकीवरून ते परत आलं नाही.

सोमवारी चारच्या सुमारास ग्रुपवर नाही, सरळ त्यांच्या मोबाइलवर सितारामचा निरोप आला. 'भिंत बारीक दिसते. नऊ इंची होती. तू आठची काढलीस.'

करीमभाईंनी वही काढली. चित्रावर मापपट्टी ठेवली, हिशेब केला, पुन्हा केला. भिंत बरोब्बर नऊ इंची होती, केसाचाही फरक नव्हता. त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. मोबाइल हातात घेतला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, 'चूक झाली. उद्या चारला ये, दुरुस्त करू.'